एका बाजूचे डोळे

टोमॅटो वाजला तेव्हा मामाने ब्रशसुद्धा ओला केला नव्हता.

"पंचवीस मिनिटं झाली," मी म्हणालो. "आता पाच मिनिटं विश्रांती."

"कशापासून?" वृंदाताईने विचारलं.

प्रश्न रास्त होता. दिगूमामा सकाळपासून एका गणपतीसमोर बसून होता. तो गणपतीकडे बघत होता आणि गणपती त्याच्याकडे बघत नव्हता, कारण गणपतीला डोळेच नव्हते. मागच्या फळ्यांवर आणखी चारशेच्या आसपास गणपती तसेच उभे होते. त्यांची पीतांबरं झाली होती, मुकुट झाले होते, सोंडेवरची नक्षी झाली होती. पायाशी उंदीर बसले होते. उंदरांना डोळे होते. उंदरांचे डोळे कारखान्यातला जुना कारागीर हिराजीदादा काढायचा.

पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांना तोटा नाही, मामाचा त्यातलाच एक. साचा, माती, रंग ही कामं कुणीही करायचं, पण डोळ्यांची आखणी फक्त मामाची. ठाण्या-डोंबिवलीची गिऱ्हाइकं वाट वाकडी करून यायची ती त्या डोळ्यांसाठी. "घरात कुठेही बसा, तुमचा बाप्पा आपल्याचकडे बघतो हो," असं सांगायची. आता चतुर्थी पाच आठवड्यांवर आली होती. डोळे नसलेला गणपती कुणी नेत नाही. तो देव नसतो, रंगवलेली माती असते. आणि एका वर्षी रिकाम्या हाताने परत गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी शेजारच्या कारखान्याचं होतं. वृंदाताई मामाची एकुलती एक मुलगी. नवऱ्याचं घर सोडून आलेली, आणि कारखान्याशिवाय तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. म्हणून तिने मदतीला मला बोलावलं. यावरून परिस्थिती किती वाईट होती ते कळावं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि नुकताच बेकार झालो होतो. पुण्यात मी ज्या कंपनीत होतो ती एक ॲप बनवत होती. मोठं काम छोट्या तुकड्यांत तोडायचं, पंचवीस मिनिटं मान खाली घालून एक तुकडा करायचा, पाच मिनिटं उठायचं, मग पुढचा तुकडा. लोकांची कामं वेळेत संपावीत म्हणून. ते ॲप आम्ही वेळेत संपवू शकलो नाही. कंपनी बंद पडली. निरोपाला प्रत्येकाला एक टोमॅटो मिळाला. लाल प्लॅस्टिकचा, पिळला की टिकटिक करणारा, स्वयंपाकघरातला टायमर. तेवढंच भांडवल घेऊन मी पेणला उतरलो होतो.

"मामा, तू चारशे गणपती बघतोयस," मी म्हणालो. "तिथेच चुकतंय."

"मी एकच बघतोय."

"मग त्याचा एकच डोळा बघ."

मामाने पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. त्याच्या डाव्या हाताला एक लाकडी स्टूल होतं. बोटं पुसून पुसून त्याच्या कडेवर रंगांचा थर चढला होता. मामीचं स्टूल. मामी वैशाखात गेली. जाईपर्यंत ती त्या स्टुलावर बसून पाट धरायची, मूर्ती हळूहळू फिरवायची, आणि दोन्ही डोळे उघडून झाले की वाकून मूर्तीला म्हणायची, "आलास का रे? ये." प्रत्येक मूर्तीला. पेणहून निघालेल्या आमच्या प्रत्येक गणपतीने जगात पहिलं कुणाला बघितलं असेल तर मामीला. ती गेल्यापासून स्टूल हलवायला मामाने कुणाला हात लावू दिला नव्हता आणि एकही डोळा काढला नव्हता.

"डोळे उघडून तो बघणार कुणाला?" मामा म्हणाला.

याचं उत्तर ॲपमध्ये नव्हतं.

"दोन उघडले तर बघेल," मी म्हणालो. "एक उघडला तर ते काय बघणं झालं? डोळा मारतोय असं धरायचं. तू फक्त उजव्या हाताकडचा डोळा काढ. सगळ्यांचा. एकाच बाजूचा डोळा, एकच वळण, हात बसेल. दुसऱ्या बाजूचं आपण नंतर बघू."

"म्हणजे बाप्पाचा डावा," हिराजीदादा म्हणाला.

"मामाच्या उजव्या हाताकडचा."

"तोच. बाप्पाचा डावा."

"दादा, बाप्पाला विचारलंय का कुणी?"

"तू गप रे निन्या," वृंदाताई म्हणाली. पण ती मामाकडे बघत होती. मामाने ब्रश पाण्यात बुडवला होता. मी टोमॅटो पिळला.

पहिले दिवस रखडले. एका टोमॅटोत दोन डोळे, कधी एक. दर डोळ्यानंतर मामाची मान डावीकडे स्टुलाकडे जायची, तिथे थांबायची, आणि परत यायला उशीर लागायचा. टिकटिक चालू असायची. मी विनोद करायचो. वृंदाताई दाराआड जाऊन फळ्या पुसायची. पुसलेल्याच फळ्या.

मग एक दिवस मामा सकाळी उठलाच नाही. डोकं दुखतंय म्हणाला, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. वृंदाताईने बाम चोळला. मी उशाशी टोमॅटो लावून ठेवला. विश्रांतीसुद्धा तुकड्यांत घ्यावी असं आमच्या ॲपचं म्हणणं होतं. चार वेळा वाजला. पाचव्यांदा वाजल्यावर मामा उठला, खोलीतून बाहेर येताना डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीवर आपटला, चौकटीला शिवी दिली आणि कामाला बसला.

आणि काय बसला! त्या दिवसापासून मामाचा हात असा सुटला की हिराजीदादाला रंगाच्या वाट्या भरायला फुरसत होईना. एका टोमॅटोत सहा, सात डोळे. मान डावीकडे जाणं थांबलं. मामा गुणगुणायला लागला. चहा मागून घ्यायला लागला. वृंदाताईने मला एकटं गाठून सांगितलं, "निन्या, मी तुला मूर्ख समजत होते."

"आणि आता?"

"आता कमी."

बातमी गल्लीभर गेली. शेजारच्या कारखान्याचे मालक येऊन टोमॅटो उलटापालटा करून बघून गेले आणि खाली बॅटरी सापडेना म्हणून त्यांचा विश्वास आणखी वाढला. हिराजीदादाने एका मंगळवारी टोमॅटोला हळद-कुंकू वाहिलं. त्यानंतर तो वाजताना किंचित खोकायचा.

बाकी मामात थोडा विक्षिप्तपणा आला होता, पण आमच्या घरात तो कुणाच्या नजरेत भरेल असा नव्हता. एका सकाळी तो अर्धीच दाढी करून आला. उजवा गाल गुळगुळीत, डावा पांढऱ्या खुंटांचा.

"मामा, दाढीलाही दोन हप्ते?" मी म्हणालो. "उरलेली पुढच्या टोमॅटोला?"

सगळे हसले. मामाही हसला. कशाला ते त्याला कळलं होतं असं आता वाटत नाही.

जेवताना तो ताटातली भाजी संपवायचा, आमटी संपवायचा, आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी ठेवायचा. भातसुद्धा अर्धा. मधोमध रेघ मारल्यासारखा.

"आईच्या हातची चटणी नाही ना," वृंदाताई हळूच म्हणाली. "माझी त्यांना घशाखाली उतरत नाही." दुसऱ्या दिवशी तिने खोबरं बदलून बघितलं. तिसऱ्या दिवशी लसूण वाढवला. मग चटणीच्या वाटणावर बसून रडली. पोळी वाढायला कुणी उरलं नाही म्हणून मी वाढली.

चतुर्थी पंधरवड्यावर आली तेव्हा शेवटच्या गणपतीचा एका बाजूचा डोळा झाला. मामाने ब्रश धुतला, फडक्यावर पुसला, खिळ्याला टांगला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला.

"मामा, आता दुसरी बाजू. उद्यापासून."

"कसली?"

"डोळ्यांची."

"झाले की सगळे," मामा म्हणाला.

मी फळ्यांकडे बघितलं. चारशे गणपती आमच्याकडे बघून डोळा मारत होते. मी हसायला लागलो. इतकी वर्षं घरात विनोद करणारा मी एकटाच, आज मामाने मला मागे टाकलं होतं. एवढा कोरा चेहरा ठेवून! मी पोट धरून हसलो. हिराजीदादा हसला. मामा आमच्याकडे बघत राहिला.

"बाबा, एक-एकच झालाय," वृंदाताई म्हणाली.

"आंधळी झालीस का? झाले म्हणतो ना!"

त्यालाही आम्ही अर्थ लावला. वृंदाताई म्हणाली, दुसरा डोळा उघडला की आई लागणार, आई नाही, म्हणून ते मान्यच करत नाहीत. मी म्हणालो, दोन दिवस जाऊ देत. हिराजीदादा म्हणाला, देवाच्या मनात असेल तसं होईल. दोन दिवस आम्ही तिघं मोठ्या समजूतदारपणे वागलो. तिसऱ्या दिवशी मामाने अंगात सदरा घातला तो एकाच बाहीत. डावी बाही पाठीवर लोंबत राहिली, आणि तो तसाच चपला घालून, म्हणजे चप्पल घालून, एक, बाजारात निघाला.

पनवेलच्या डॉक्टरांनी त्याला कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. मामाने हातात पेन घेतलं आणि असा गोल काढला की डॉक्टर बघत राहिले. मग त्याने आकडे लिहिले. बारापासून सुरुवात करून सगळेच्या सगळे आकडे त्याने उजव्या अर्ध्यात बसवले, एकावर एक, दाटीवाटीने. डावा अर्धा कोरा.

"झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"झालं की," मामा म्हणाला, आणि अक्षर बघून खूष झाला.

डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन आले. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी झालीय, म्हणाले. डोळ्यांना काही झालेलं नाही. पण डावी बाजू आता त्यांच्यासाठी नाहीच. तिथे अंधार दिसतो असंही नाही. तिथे काही असतं हेच त्यांना ठाऊक नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. "पहिल्या काही तासांत आणलं असतंत तर इंजेक्शन देता आलं असतं. कधी झालं नेमकं?"

त्या महिन्यातल्या प्रत्येक पंचवीस मिनिटांचा हिशेब माझ्याकडे होता. वृंदाताई माझ्याकडे बघत होती. मी खिशात हात घातला तर आत टोमॅटो होता. तो चुकून पिळला गेला आणि दवाखान्याच्या त्या बोळात टिकटिक सुरू झाली. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले. मला तो बंद करता येईना, कारण तो बंद होतच नाही. वेळ संपेपर्यंत वाट बघावी लागते.

मामाला घरी आणलं. वृंदाताईने गिऱ्हाइकांना फोन करायचं ठरवलं, यंदा जमत नाही म्हणून. "सांगते त्यांना, दुसरीकडे बघा," ती म्हणाली, आणि फोन हातात धरून बसली. नंबर लावला नाही. जेवायची वेळ झाली. मी ताट वाढलं. मामाने उजवा अर्धा संपवला आणि हात धुवायला उठू लागला. मी ताट अर्धं फिरवलं.

"अरेच्चा," मामा म्हणाला. "कोशिंबीर कधी वाढलीस?"

त्याने ती चाटूनपुसून खाल्ली. चटणीसुद्धा. "वृंदा, चटणी तुझ्या आईसारखी झालीय," म्हणाला. वृंदाताईने फोन खाली ठेवला. मी फळ्यांकडे बघत होतो.

"गणपती फिरवू या," मी म्हणालो.

"फिरवून काय? मामाला पाठ दाखवणार?" हिराजीदादा म्हणाला.

"आडवा करू. उताणा. मुकुट मामाकडे, पाय पलीकडे. राहिलेला डोळा त्याच्या उजव्या हाताला येईल."

"देवाला आडवा झोपवतोस?"

"दादा, देव व्हायला अजून एक डोळा कमी आहे."

हिराजीदादाने हात जोडले आणि पहिला गणपती स्वतःच उचलला. टेबलावर उशी ठेवून आम्ही त्याला निजवला. मामा मुकुटाच्या बाजूने बसला. त्याने मूर्तीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"हा कोणी अर्धा ठेवला?"

हिराजीदादा उशी सारखी करायला लागला.

"मी विचारतो, हा कोणी अर्धा ठेवला? एक बाजू कोरी? लाज वाटत नाही कुणाला?"

"मी, मामा," मी म्हणालो.

"बावळट! हो बाजूला." आणि त्याने ब्रश ओला केला. समोर बसलेल्या माणसाला वाचता यावं म्हणून उलटीकडून नाव लिहावं, तसा त्याने तो डोळा काढला. आम्ही मूर्ती उभी केली. गणपती आमच्याकडे बघत होता. सरळ, दोन्ही डोळ्यांनी. वृंदाताई पुढे झाली, तिचे ओठ हलले, पण जे म्हणायचं होतं ते तिच्याने म्हणवलं नाही.

दुसरा गणपती निजवला.

"हा कोणी अर्धा ठेवला?"

"मी, मामा."

"बावळट! हो बाजूला."

असं चाललं. आधीचा गणपती त्याच्या लक्षात राहायचा नाही. प्रत्येक कोरी बाजू त्याला नव्याने दिसायची आणि प्रत्येकाचा संताप नवा असायचा. आमच्या ॲपने सुचवला नसता असा हा उपाय होता, पण काम पुढे सरकत होतं. एक गणपती, एक शिवी, एक डोळा. टोमॅटो लावायची गरज राहिली नाही. मधल्या वेळात गल्लीतलं कुणी आलं की मामा माझ्याकडे बोट दाखवायचा. "माझा भाचा. पुण्याहून आलाय. एक काम धड पुरं करत नाही." लोक माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो.

सगळे काही झाले नाहीत. ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच आशा लागायची. निम्म्याहून जास्त राहिले. ते शेजारच्या कारखान्यातल्या एका माणसाने येऊन पुरे केले, घाईघाईने, चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत. त्याचा हात चांगला होता. फक्त मामाचा नव्हता. विसर्जनानंतर डोंबिवलीहून एक जुने गिऱ्हाईक आले, तक्रार अशी नाही म्हणाले, पण यंदा बाप्पाचा एक डोळा आमच्याकडे होता आणि दुसरा आमच्या मागे कुणाकडे तरी. पोरं एकटी त्या खोलीत जाईनात. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. बरेच जण आले नाहीत. मामा त्याच थंडीत गेला, आणि वृंदाताई आता एका पापडाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तिथेही सगळं गोलच असतं, म्हणते.

पण ते नंतरचं. थांबलं कुठे ते सांगायचं राहिलं.

लहान मूर्ती टेबलावर फिरवता येत होत्या. पण त्या निम्म्या व्हायच्या आतच मोठ्या हाती घ्याव्या लागल्या, गुडघ्यापेक्षा उंच, सार्वजनिक मंडळांच्या, कारण मंडळं मूर्ती आधी नेतात. त्या उचलून फिरवायच्या म्हणजे हात निखळायचे. तेव्हा त्या गादीवर आहे त्या दिशेला निजवायच्या आणि मामालाच पलीकडे, मुकुटाच्या बाजूला बसवायचं असं ठरलं. ठरवलं मीच. दुपारची वेळ होती. हिराजीदादाने आणि मी पहिली मोठी मूर्ती निजवली. वृंदाताईने मामाला हाताला धरून पलीकडे नेलं, भिंतीपाशी खुर्ची दिली. मामा बसला. आता त्याचं तोंड दाराकडे होतं. आयुष्यभर बसला होता त्याच्या बरोबर उलट.

स्टूल जागच्या जागी होतं. ते हलवायचं नाही असं मामानेच सांगितलेलं.

मामाने मूर्तीकडे बघितलं नाही. तो उजवीकडे बघत होता.

आम्हाला वाटत होतं टोमॅटोमुळे त्याचा हात चालू लागला. पण त्या डोकं दुखलेल्या सकाळी डावीकडचं सगळंच त्याच्यासाठी नाहीसं झालं होतं. चौकट, चटणी, चारशे डोळे, आणि ते रिकामं स्टूल. बाजूला कुणी नाही, हे महिनाभर त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणून तो गुणगुणत होता.

आता मी त्याला फिरवून बसवला होता.

वृंदाताईच्या लक्षात माझ्या आधी आलं. ती स्टुलाकडे धावली. पण स्टुलापाशी पोचून तिला कळेना की उचलावं की त्याच्यावर बसावं. ती नुसतीच उभी राहिली, हात पुढे करून.

"बाजूला हो," मामा तिला म्हणाला. शांतपणे.

ती झाली.

मामा स्टुलाकडे बघत राहिला. कडेचे वाळलेले रंग, वर कुणी नाही. गादीवर गणपती एका डोळ्याने छताकडे बघत होता. मामाच्या हातातला ब्रश ओला होता, त्याचा एक थेंब गणपतीच्या मुकुटावर पडला, आणि तो कुणी पुसला नाही.

"हे," मामा म्हणाला, "हे कोणी अर्धं ठेवलं?"

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "मी, मामा."

मी पुढच्या शब्दाची वाट बघत उभा राहिलो. बावळट, हो बाजूला. मी बाजूला व्हायला पाऊलसुद्धा उचललं होतं.

मामाने ब्रश खाली ठेवला.